मी 'पिकू दे' म्हणालो तो डोळा

आंबा झाडावरून कधी उतरवायचा, हे विचारायला पावस गावच्या आसपासचे बागवाले माझ्याकडे येत. मी त्यांना एकच सांगायचो, चौदा आणे झाला की काढा. बारा आण्याला काढलात तर पिकवायच्या अढीत सुरकुतेल, सोळा आण्याला ठेवलात तर पाखरं खातील. देठाच्या दोन्ही अंगांनी फळाचे खांदे वर आले आणि देठ खड्ड्यात बसला, की लांब काठीला जाळी नि पातं बांधलेली घळ लावायची. पन्नासेक वर्षं मी दुसऱ्यांच्या कलमांच्या बागा राखल्या. शिकलो चौथीपर्यंत. पण खालून झाडाकडे बघून कुठला आंबा किती आणे झालाय, ते मी सांगायचो आणि ते चुकायचं नाही.

चुकलं एकदाच. ते आंब्यात नाही, बायकोच्या डोळ्यात.

मी राखायचो त्या बागेच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, ती आंबे निवडायला बसायची. ढीग मध्ये, भोवती पेट्या, मोठा आंबा एका पेटीत, मध्यम दुसरीत, डागी बाजूला. तिचा हात असा चालायचा की दोन गडी काढून आणत ते तिला पुरे पडायचे नाहीत. एका वर्षी माझ्या ध्यानात आलं, की ढिगाच्या डाव्या अंगाचे आंबे तसेच पडून राहतात. ती उजवीकडचे उचलते, समोरचे उचलते, डावीकडचे जसे नाहीतच. एकदा तर पायाशी घरंगळलेला आंबा तिनं टाचेनं चेचला.

मी ओरडलो, "लक्ष कुठं आहे तुझं? तोंड चालतं त्याच्या निम्मे डोळे चालव."

"अवो, डोळ्यांचंच सांगायचं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "ह्या अंगाला मला कायतरी कमी दिसतंय."

मी तिला उन्हात आणली. अंगठ्यानं पापणी खाली ओढून डोळ्यात बघितलं. आमच्या आईचा मोतीबिंदू मी बघितला होता. तो पांढरा धोट झाला तेव्हा काढला आणि पुढं ती सुईत दोरा ओवायची. आमच्याकडे सगळे तसंच करत. मोतीबिंदू कच्चा काढायचा नाही, डोळा बिघडतो, असं जो तो सांगायचा. बायकोच्या डोळ्यात मला किंचित धुरकट दिसलं, का मी ते बघायचंच ठरवलं होतं, देव जाणे.

म्हटलं, "मोतीबिंदू आहे. दहा आणे झालाय. पिकू दे. सीझन होऊ दे, मग बघू."

ती हसली. "डोळा काय हापूस आहे होय?"

"तुला काय कळतंय," मी म्हणालो.

सीझन झाला. मग पाऊस लागला, पावसात कोण डोळा कापून घेतो? मग लावणी, मग गणपती. दिवाळीनंतर तिनं परत विषय काढला. तोवर कलमांना मोहोर फुटायला लागलेला, फवारणीची घाई. मी म्हटलं, अजून बारा आण्यालाही आलेला नाही. पुढच्या वर्षी आंबा तोंडावर असताना तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा मी उत्तरसुद्धा दिलं नाही. घळ उचलली आणि गेलो.

शेवटी गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं, तेव्हा नेली. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं डोळ्यात बत्ती मारली. चिठ्ठी लिहून दिली, उद्याच्या उद्या रत्नागिरीला जा म्हणाला. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी तासभर तपासलं.

"हा मोतीबिंदू नाही, आजोबा. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत."

"पिकलाय ना? मग काढा."

"हा पिकत नाही. ह्यात काढण्यासारखं काही नसतं. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस आतून वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरची शेवटी. गेली ती परत आणता येत नाही. उरली आहे ती थेंबांनी धरून ठेवायचा प्रयत्न करू." मग त्यांनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगी."

"तिचे डोळे तपासून घ्या. हे रक्तातून येतं."

परत येताना एसटीत मी बायकोला सांगितलं, थेंब घालायचे आहेत, बरं होईल. ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "ऐकलं मी सगळं. डोळे गेलेत, कान नाय गेले."

उरलेलं थेंबांनी फार दिवस धरलं नाही. आम्ही गेलोच इतक्या उशिरा. शेवटची चार वर्षं ती आंधळी होती. तरी मांगरात येऊन बसायची आणि हातानं आंबे निवडायची, पहिल्यापेक्षा चांगले. एक आंबा डाग घेऊन पेटीत गेला नाही. माझ्यावर ती कधी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मी दोन शब्द उलट बोलून मोकळा झालो असतो.

गेल्याच्या गेल्या श्रावणात ती न्यूमोनियानं गेली. जाण्याच्या आधी दोन दिवस मला म्हणाली, "पोरीचे डोळे दाखवून आणा. नुसतं हो म्हणू नका."

तेराव्याला सगळे जमले होते. कोणी तरी विचारलं, डोळे एवढे जाईपर्यंत कसं कळलं नाही? मी म्हटलं, "बायकांची सवय. अंगावर काढलंन तिनं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगी शेजारीच बसली होती, तिनंही डोलावली. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मुलीला दिलीय ती जवळच, आमच्यापासून चालत अर्ध्या तासावर. वय चाळिशीला आलंय. नवरा मुंबईत कामाला, गणपती-शिमग्याला येतो. आंब्याच्या दिवसांत ती चार बायका हाताशी घेऊन आंब्याची साटं घालते, आंबापोळी म्हणतात ती. रस ताटात पसरायचा, उन्हात वाळवायचा, थरावर थर. तिचा माल मुंबईपर्यंत जातो.

डोळे दाखवायचं म्हटलं तर हसायला लागली. "आबा, मला सुईत दोरा ओवता येतो."

"तुझ्या आईला पण येत होता, पार डोळे गेले त्या वर्षापर्यंत. समोरचं दिसतं गो. कडेचं जातं."

"मला कडेचं पण दिसतंय. तो बघा कोंबडा."

"कोंबडा राहू दे. उद्याच्या सातच्या गाडीचं बोल."

मी पडवीत बसलो आणि चहा घेणार नाही म्हणून सांगितलं. चहा दोनदा गार झाला. तिसऱ्यांदा आणला तेव्हा ती म्हणाली, "घ्या आता. येते उद्या. आईच्या वरताण आहात तुम्ही हट्टाला."

दिवाळी नुकतीच झाली होती. रत्नागिरीला त्याच डॉक्टरीणबाई. आधी त्यांनी डोळ्याचा दाब बघितला, तो काठावर निघाला, ना इकडे ना तिकडे. मग एका गोल भांड्यासारख्या यंत्रात तिला तोंड घालून बसवलं. आत बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर येऊन मुलगी म्हणाली, "बघा, सगळे दिवे दिसले. एकपण सुटला नाय. तुम्ही उगाच माझा दिवस घालवलात." मला पण वाटलं, उगाचच आणली.

मग दुसरं यंत्र. हनुवटी पट्टीवर, कपाळ पट्टीला टेकवलेलं, समोर हिरवी चांदणी. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "ताई, चांदणीकडे बघा, पापणी हलवू नका." डोळ्याला हात नाही, टोचणं नाही. मी पान जुळवायला घेतलं होतं, ते तोंडात जायच्या आत दोन्ही डोळे झाले. आणि त्या मुलीनं मला पान टाकून यायला बाहेर पाठवलं ते वेगळं.

परत आलो तर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र लावलेलं. जांभा दगडाची खाण कापल्यावर कड्याला थर दिसतात ना, वर माती, मग कातळ, खाली शेडीची मऊ माती, तसे थर. ते माझ्या मुलीच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचे होते. मी एवढा बघत राहिलो की बाई म्हणाल्या, "आजोबा, बसा तरी."

त्यांनी वरच्या थरावर बोट ठेवलं. "हे नसेचे धागे. हा थर साधारण केसाच्या जाडीचा असतो, जागेप्रमाणे कमी-जास्त. काचबिंदूत हा पातळ व्हायला लागतो. यंत्र त्याची जाडी मोजतं आणि ताईंच्या वयाच्या निरोगी माणसांशी ताडून बघतं. हिरवा रंग म्हणजे ठीक. लाल म्हणजे पातळ. उजवा डोळा सगळा हिरवा आहे. डाव्यात हे खाली बघा."

खाली एक पिवळी फाक होती.

"पिवळा म्हणजे पिकायला लागलाय?" मी विचारलं.

त्या हसल्या. "इथं पिकणं नाही हो. पिवळा म्हणजे संशय."

"पण तिला सगळे दिवे दिसले."

"दिसणारच. धागे लाखांनी असतात. बरेच गेले तरी माणसाला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून नुसतं दिसतंय का विचारून भागत नाही, थर मोजावा लागतो."

हे मला पटलं. दुसऱ्या कोणाला पटायला वेळ लागेल, मला लागला नाही. आंबा वरून पिवळा दिसेपर्यंत थांबणारा बागवाला बुडतो, त्याला आतलं आधी ओळखावं लागतं. मी आंब्यात ते ओळखलं, आणि घरात मात्र दिसतंय-नाही-दिसतंयवर बसून राहिलो.

"मग औषध द्या," मी म्हणालो.

"एका मोजणीवर मी शिक्का मारणार नाही. काही माणसांचा थर मुळातच थोडा पातळ असतो. सहा महिन्यांनी परत मोजू. आहे तिथंच राहिला तर लक्ष ठेवू. त्याच जागी आणखी उतरला, तर रोग आहे म्हणायचं. पण सहा महिने म्हणजे सहा महिने. चुकवू नका."

त्या कागदाची घडी करून मी बायकोच्या पानाच्या डब्यात ठेवली. सहा महिने बोटांवर मोजले. मे महिना येत होता.

मे महिन्यात मी फोन केला. मागं बायकांचा कलकलाट, ताटांचे आवाज.

"आता, आबा? उन्हात साटं घातल्येत, वर आभाळ येतंय जातंय. माझ्याशिवाय हात हलत नाय कोणाचा. सीझन होऊ दे. जूनमध्ये जाऊ."

मी फोन ठेवला. तिचा काही दोष नव्हता. ते माझंच वाक्य होतं, शब्द न् शब्द.

पण बसून राहिलो नाही. भर दुपारी चालत निघालो.

ती अंगणात होती. कोपरापर्यंत हात केशरी, ताटात रस ओतून तळहातानं फिरवत होती. बायकांनी मला बघून पदर सारखे केले.

"उन्हातनं कशाला आलात? चक्कर येऊन पडाल. पाणी आणा गो आबांना."

"पाणी नको. ह्या बायकांना जरा सावलीत बसू दे."

बायका गेल्या. मी म्हणालो, "तुझ्या आईनं अंगावर काढलं नाय. तिनं मला सांगितलं. एकदा नाय, तीनदा. मी म्हटलं पिकू दे. मी म्हटलं सीझन होऊ दे."

तिचा हात ताटात फिरत राहिला. रस कडेपर्यंत गेला, परत मध्ये आला.

"तेराव्याला सगळ्यांच्या समोर तुम्ही म्हणालात, तिनं अंगावर काढलं."

"म्हणालो. खोटं बोललो."

"मी आईवर रागावलेवते, आबा. एवढं होईस्तोवर बोलली का नाय म्हणून. ती गेली तरी रागावलेवते."

तिनं ते ताट उन्हात ठेवलं, दुसरं घेतलं. ते भरलं. तिसरं घेतलं. मी उभाच. मग ती उठून हौदावर गेली, हात धुतले. खूप वेळ धूत होती. तिकडूनच, तोंड न वळवता म्हणाली, "कितीची गाडी आहे उद्या?"

"सातची."

"साटं कोण बघेल?"

"मी बघितलं असतं, पण मी तुझ्याबरोबर येणार."

"काय गरज नाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "या."

तिच्या सासूनं साटांकडे बघायचं कबूल केलं. एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही, दोन बाकडी पुढं बसली. भाट्याच्या पुलावर गाडी आली, खाडीचा वारा लागला, तेव्हा तिनं मागं वळून विचारलं, "तीनदाच कशावरनं? जास्त वेळा पण सांगितलं असेल तिनं."

"असेल," मी म्हणालो. "मला तीन आठवतात."

तेच यंत्र, तीच हिरवी चांदणी. ह्या खेपेला मी पान घरीच ठेवून आलो होतो. डॉक्टरीणबाईंनी जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. मला वाचायला वेळ लागतो, पण आकडे मला कळतात, जन्मभर पेट्या मोजल्यात. खालच्या अंगाचा आकडा उतरला होता. बाईंनी सांगायच्या आधी मी बोट ठेवलं. पिवळ्या फाकेच्या मधोमध लाल रेघ उमटली होती.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "यंत्राचा थोडा फरक धरला तरी हे जास्त आहे, आणि त्याच जागी आहे. दाबही चढलाय. सुरुवात आहे. आज संध्याकाळपासून थेंब सुरू करायचे, रोज, न चुकता." त्यांनी दिव्यांच्या यंत्राचा कागद दाखवला. "नजर मात्र अजून सगळी शाबूत आहे. वेळेत आलात."

मुलीनं कागदाकडे बघितलं, मग बाईंकडे. "आई अशी वेळेत आली असती तर?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना ते सगळं आठवत असणार. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "तर तिला दिसलं असतं."

"बहुतेक," बाई हळू म्हणाल्या.

मग बाईच मला म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्ही बसा खुर्चीत. इतक्या वर्षांत तुमचे डोळे मी बघितलेलेच नाहीत."

बसलो. चांदणीकडे बघितलं. माझा थर दोन्हीकडे हिरवागार निघाला. पण मोतीबिंदू होता, खरा मोतीबिंदू, उजव्या डोळ्यात.

मुलगी सकाळपासून पहिल्यांदा नीट बोलली. "किती आणे झालाय, डॉक्टर?"

बाईंना ते कळेना, तिनं समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या, "आम्ही आता पिकायची वाट बघत नाही. त्रास होतोय ना? मग काढू. कधी येता?"

माझ्या तोंडातून 'सीझन' एवढाच शब्द बाहेर पडला. पोरीनं माझ्याकडे असं बघितलं की पुढचा मी गिळला. पुढच्याच आठवड्यात डोळा काढून, म्हणजे मोतीबिंदू काढून, मोकळा झालो. भिंग बसवलं आत. जगाचा पिवळेपणा गेला. आंबे मला इतकी वर्षं जास्तच पिवळे दिसत होते, हे कळलं तेव्हा जरा घाम फुटला.

आता गावात कोणी म्हटलं, की आईला नाहीतर बापाला काचबिंदू होता पण मला चांगलं दिसतंय, तर मी त्याला सोडत नाही. त्याला सांगतो, तुला काय दिसतंय ते मी विचारलंच नाही, जाऊन थर मोजून ये. दोघं-तिघं गेले. एकजण मला वेडा म्हणतो. त्याच्या दारातून मी रोज जाणार आहे.

दिवेलागणीला मुलीचा फोन येतो. "घातले, आबा." पूर्वी घरची, शेजारची चार बोलणी व्हायची. आता एवढंच. मी विचारतो, दोन्हीत? ती म्हणते, सांगितल्येत तसे. आणि ठेवते. आईचं ते प्रकरण तिच्या मनातून गेलेलं नाही, आणि जावं असा माझा हट्टही नाही. थेंब चुकत नाहीत तेवढं मला पुरे.

आंबा संपता संपता ती एकदा मांगरात आली, साटांना डागी आंबे न्यायला. आईच्या जागेवर बसली आणि निवडायला लागली. मी समोर पेट्यांना पट्ट्या मारत होतो. तिच्या डाव्या अंगाचा एक आंबा ढिगावरून घरंगळला. मी खिळा खाली ठेवून बघत राहिलो. मान न वळवता तिनं हात टाकला आणि तो उचलला, फडक्यानं पुसला, पेटीत ठेवला.

मी खिळा परत हातात घेतला.